घराचें वय आणि जागेचें दैव

घर घ्यावयास निघालेल्या कुटुंबापुढें एक पेंच बहुधा उभा राहतोच. हातांत जेवढी रक्कम आहे तेवढींत दोन घरें मिळण्यासारखीं असतात. एक जुनें, जिना अरुंद, भिंतींना ओल, पण स्टेशन, शाळा, मंडई, दवाखाना हें सारें हांकेच्या अंतरावर. दुसरें नवें, खोल्या ऐसपैस, उजेड भरपूर, पण शहराच्या टोंकाला, जेथें रस्ताहि अजून व्हावयाचा आहे. वडील मंडळी म्हणतात, जागा पाहा. घर काय, डागडुजी करून घेतां येतें. तरुण मंडळी म्हणतात, आपल्याला राहावयाचें तें घरांत, स्टेशनांत नव्हे. दोन्ही पक्ष आपापल्या परी खरे असतात, आणि म्हणूनच हा वाद मिटत नाहीं.

या वादाचा निकाल आरंभींच देण्याचा आमचा मानस नाहीं. परंतु हाच पेंच एकदां एका सबंध शहरापुढें पडला होता, आणि त्याचें उत्तर कसकसें मिळत गेलें हें इतिहासांत नमूद आहे. प्लेगनंतरच्या मुंबईविषयीं आम्ही बोलत आहों. त्या शहराच्या मागल्या सव्वाशें वर्षांच्या हकीकतीकडे घर घेणाराच्या दृष्टीनें पाहिलें, तर ‘चांगली जागा’ व ‘नवें घर’ या दोन शब्दांचा अर्थ आपण समजतों तितका सरळ नाहीं, असें दिसून येईल.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पांढरपेशा मराठी माणसाची मुंबई म्हणजे मुख्यतः गिरगांव. कचेऱ्या कोटांत, आणि गिरगांवांतून कोटांत पायीं जातां येई. घोड्यांची ट्राम १८७४ सालापासून होती. पण ज्याला पैसे वांचवावयाचे त्याला स्वतःचे पाय होतेच. वाडीवाडींतून देऊळ, शाळा, वैद्य, वाणी यांची सोय. मुंबईंतील पहिल्या सार्वजनिक गणेशोत्सवांत गणला जाणारा उत्सव १८९३ सालीं सुरू झाला तो येथल्याच केशवजी नाईकांच्या चाळींत. गांवाकडून आलेला मुलगा आधीं कोणातरी नातलगाच्या बिऱ्हाडीं उतरे. तेथेंच त्याला नोकरीचा सुगावा लागे आणि पुढें त्याच्या लग्नाची बोलणीहि त्याच गॅलरींत होत. जागेची किंमत म्हणतात ती हीच : अंतर थोडें आणि ओळखी पुष्कळ. घर म्हणाल तर एक खोली, फार तर दोन. नळ समाईक, संडास गॅलरीच्या टोंकाला, आणि आंतल्या खोलींत दिवसाढवळ्या दिवा लावावा लागे. हें सर्व बिऱ्हाडकरू सोसत, कारण जागा चांगली होती.

मग १८९६ सालचा सप्टेंबर उजाडला. मांडवी भागांत डॉ. व्हिएगस यांनीं प्लेगचा रोगी ओळखला. मांडवी म्हणजे बंदराला लागून असलेला, धान्याच्या वखारींचा भाग. व्यापाऱ्याच्या दृष्टीनें त्याहून मोक्याची जागा मुंबईंत शोधून सांपडली नसती. तिच्याच गल्ल्यांतून आतां माणसें मरूं लागलीं. लाखों लोक शहर सोडून गेले. १८९१ च्या खानेसुमारींत मुंबईची लोकसंख्या ८ लाख २१ हजारांवर होती. १९०१ च्या खानेसुमारींत ती ७ लाख ७६ हजारांवर उतरली. ज्या शहराकडे माणसांचा ओघ कधीं थांबत नसे, तें दहा वर्षांत आटलें.

दोष कोणाचा, घरांचा कीं जागेचा ? सरकारनें तो घरांवर ठेवला. अंधार, ओल, दाटी आणि कोंदट हवा यांतून रोग उपजतो अशी त्या वेळची समजूत होती. म्हणून कित्येक घरांचीं कौलें काढून आंत ऊन पाडण्यांत आलें. परंतु १८९८ सालीं सिमाँ या फ्रेंच संशोधकानें कराचीस प्रयोग करून उंदरावरील पिसवा हा रोग नेतात असें दाखविलें, आणि कांहीं वर्षांनीं तें सर्वमान्यहि झालें. त्या दृष्टीनें पाहतां मांडवीच्या रहिवाशाचा वैरी त्याच्या अंधाऱ्या खोलीइतकाच शेजारच्या वखारींतला धान्याचा ढीगहि होता. ज्या वखारीमुळें जागेला मोल आलें, तिनेंच ती घातक केली. चांगली जागा ही सर्व गोष्टींसाठीं एकदम चांगली असत नाहीं, हा या हकीकतींतला पहिला धडा.

सरकारच्या त्या समजुतींतूनच १८९८ सालीं मुंबईंत सिटी इंप्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. ट्रस्टनें दोन कामें हातीं घेतलीं. पहिलें, जुन्या शहरांतील दाट वस्ती पाडून तींतून समुद्राचा वारा खेळवणारे रुंद रस्ते काढणें. आजचा शामळदास गांधी मार्ग, म्हणजे तेव्हांची प्रिन्सेस स्ट्रीट, आणि आजचा सरदार वल्लभभाई पटेल मार्ग, म्हणजे तेव्हांचा सँढर्स्ट रोड, हे त्यांतलेच. पण पाडलेल्या घरांतले लोक दूर कोठें गेले नाहींत. ते शेजारच्याच चाळींत शिरले व तेथली दाटी वाढली. ज्याला पहाटे बंदरावर हजर व्हावयाचें त्या हमालाला हवेशीर खोली परवडली तरी तिच्यापर्यंतचें अंतर परवडत नव्हतें.

दुसरें काम बेटाच्या उत्तर भागांत, दादर, माटुंगा, वडाळा व शीव येथें, नवी वसाहत आंखण्याचें. कागदावर ती फार देखणी होती. रस्ते रुंद, दुतर्फा झाडें, बागांसाठीं राखून ठेवलेल्या जागा, घरांची उंची बेताची, दोन घरांमध्यें मोकळी जागा सोडण्याचा नियम. परंतु १९०० सालच्या सुमारास माटुंगा म्हणजे भाताचीं खाचरें आणि खाजण. वडाळ्याच्या बाजूस १८९० सालापासून कुष्ठरोग्यांचें आश्रयस्थान होतें, त्याचाहि लोकांच्या मनांत धसका. कोटांतली कचेरी साडेपांच मैलांवर. प्लॉट आंखले गेले, पण पहिलें महायुद्ध संपेपर्यंत त्यांना गिऱ्हाईक बेताचेंच होतें. वर्षांमागून वर्षें प्लेगच्या सांथी येत होत्या आणि तरीहि गिरगांवकर गिरगांव सोडीत नव्हता, ही गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे. मरणाची भीति माणसाला महिना-दोन महिने बाहेर झोंपडींत नेते. कायमचें बिऱ्हाड हलवावयास मात्र रोजच्या जाण्यायेण्याची सोय, मुलांची शाळा आणि चार ओळखीचीं माणसें लागतात.

हीं तिन्ही पुढल्या वीस-पंचवीस वर्षांत तेथें आलीं, पण तीं आपोआप आलीं नाहींत. मंचेरजी जोशी यांनीं ट्रस्टशीं बोलणीं करून मध्यमवर्गीय पारशांसाठीं १०३ प्लॉट राखून घेतले, आणि दादरची पारशी कॉलनी उभी राहिली. तिच्या शेजारीं हिंदु कॉलनी वसली. १९२३ सालीं व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट माटुंग्यास आली. १९३७ सालीं रुइया कॉलेज निघालें. १९२५ सालीं वडाळ्यावरून जाणाऱ्या हार्बरच्या मार्गावर बोरीबंदर ते कुर्ला अशी विजेची पहिली आगगाडी धांवली, आणि १९२८ सालीं पश्चिमेकडच्या मार्गावरहि बोरिवलीपर्यंत वीज आली. त्याच १९२५ सालीं म्युनिसिपालिटीनें माहीम पार्क लोकांना खुला केला; १९२७ सालीं अवंतिकाबाई गोखले यांच्या पुढाकारानें त्याला शिवाजी पार्क हें नांव मिळालें. साडेपांच मैल तेवढेच राहिले. पण तें अंतर आतां निराळ्या मापानें मोजलें जाऊं लागलें.

घरांचें रूपहि पालटलें. नळ, मोरी आणि संडास ज्यांत आंतच आहेत अशा बिऱ्हाडाला मराठींत ‘ब्लॉक’ हा शब्द रुळला तो या काळांतला. संडास राहत्या घरांत असावा ही कल्पना जुन्या माणसांना प्रथम ओंगळ वाटली. पण रात्रीं-अपरात्रीं गॅलरीच्या टोंकापर्यंत जावें लागणाऱ्या सुनेला ती कशी वाटली असेल, हें सांगावयास नको. नव्या घराची ओढ म्हणजे नुसती हौस, असें म्हणणारांनीं हा एक मुद्दा ध्यानांत घ्यावा.

आणखी एका अर्थानें नवी वस्ती महत्त्वाची ठरली. डॉ. आंबेडकर हे परळच्या ट्रस्टच्याच चाळींत, दोन खोल्यांत, कित्येक वर्षें राहत होते. पुढें १९३० नंतरच्या कांहीं वर्षांत त्यांनीं हिंदु कॉलनींत ‘राजगृह’ बांधलें, तें मुख्यतः आपल्या ग्रंथसंग्रहाला पुरेसें घर हवें म्हणून. जुन्या शहरांतल्या वाड्या आणि चाळी बहुशः जातीजातींनीं वांटलेल्या. भाड्यानें खोली देतांना आधीं आडनांव विचारलें जाई. तेव्हां गिरगांवची ‘चांगली जागा’ ही कोणासाठीं चांगली, हाहि प्रश्न विचारला पाहिजे. नव्या कॉलन्यांचीं नांवेंच पारशी आणि हिंदु अशीं असल्यामुळें त्यांहि या दोषापासून अगदीं मोकळ्या नव्हत्या. पण ज्या जागेवर कोणाचा पिढीजाद हक्क बसलेला नाहीं तेथें दार किंचित् अधिक उघडें असतें.

येथवर वाचून कोणी म्हणेल कीं मग नवें घर घ्यावें आणि स्वस्थ बसावें. जागा कालांतरानें चांगली होतेच. त्याच्यासाठीं दुसरी हकीकत सांगितली पाहिजे. १९२० सालीं गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या कारकीर्दींत मुंबईंत सरकारी डेव्हलपमेंट खातें निघालें. मजुरांसाठीं ५० हजार खोल्या बांधण्याचा त्याचा संकल्प होता. प्रत्यक्षांत वरळी, नायगांव, शिवडी आणि डिलाइल रोड येथें २०७ चाळी मिळून सुमारें १६ हजार खोल्या झाल्या. बांधकाम सिमेंट-काँक्रीटचें, त्या काळीं अगदीं नवें. तरीहि वरळीच्या चाळींत कित्येक वर्षें माणूस फिरकेना. भाडें जड, बाजार दूर, गिरणीपर्यंतची वाट लांब. १९३० सालच्या कायदेभंगाच्या चळवळींत सरकारला त्यांतल्या कांहींचा तुरुंगासारखा उपयोग करावा लागला. नवीं घरें इतकीं रिकामीं राहिलीं कीं कैदी ठेवण्यास तीं सोयीचीं वाटलीं, यापेक्षां बोलका दाखला आमच्या तरी ऐकण्यांत नाहीं. आणि काळाची करणी अशी कीं, त्याच वरळीची जागा आज मुंबईंतल्या अत्यंत महागड्या जागांपैकीं आहे, आणि तेथल्या १६० चौरस फुटांच्या खोलीच्या बदल्यांत ५०० चौरस फुटांचें घर देण्याची सरकारी योजना चालू आहे. ज्यांनीं तेथें तग धरला त्यांच्या नातवंडांना तिचा लाभ झाला. पण मधलीं नव्वदांवर वर्षें मोजावयाचीं कीं नाहीं ?

दादर आणि वरळी यांच्यांत फरक कोठें पडला ? आमच्या मतें, दादरास येणारीं माणसें आपल्या मर्जीनें आलीं आणि येतांना शाळा, व्यायामशाळा, वाचनालय, उत्सव हीं आपल्याबरोबर घेऊन आलीं. वरळीस मात्र नुसत्या खोल्या बांधल्या गेल्या. याचें आणखी स्पष्ट उदाहरण विलेपार्ल्याचें आहे. त्या वेळीं तें मुंबईच्या म्युनिसिपल हद्दींतहि नव्हतें. तेथल्या रहिवाशांनीं १९२१ सालीं पार्ले टिळक विद्यालय काढलें व १९२३ सालीं लोकमान्य सेवा संघ स्थापन केला. पुढें पार्ल्यास घर घेणाऱ्या कुटुंबांनीं ‘शाळा चांगली आहे’ म्हणून जागेला जास्त किंमत मोजली. ती किंमत खरें पाहतां आधीं आलेल्यांच्या वर्गणीची आणि खस्तांची होती. जागा सांपडत नाहीं, ती घडवावी लागते. आणि जो उशिरा येतो तो ती तयार विकत घेतो, एवढेंच.

आतां नवेपणाचें काय झालें तें पाहूं. प्लेगच्या काळांतला मुंबईकर बहुधा भाडेकरू होता. जागा पटली नाहीं तर महिन्याची सूचना द्यावी, बैलगाडींत भांडींकुंडीं घालावीं आणि निघावें. मालकीचें बिऱ्हाड ही कल्पना हळूहळू आली. श्रीपाद सुब्बराव तालमकी यांच्या प्रयत्नानें १९१५ सालीं गांवदेवीस सारस्वत मंडळींची सहकारी गृहसंस्था निघाली ती तिची पहिली पायरी. १९६३ सालीं मालकीच्या सदनिकांविषयीं स्वतंत्र कायदाच झाला. मधल्या काळांत १९४७ च्या भाडेनियंत्रणाच्या कायद्यानें भाडें १ सप्टेंबर १९४० च्या सुमाराच्या पातळीवर बांधून टाकलें. युद्धकाळच्या टंचाईंत भाडेकरूला त्याची गरज होती यांत शंका नाहीं; पण तें भाडें दशकानुदशकें तेथेंच राहिलें, घरमालकानें दुरुस्तींतून हात काढून घेतला, आणि पागडीचा व्यवहार वाढला. ज्याला एकदां जागा मिळाली तो ती सोडीना, मग तो भाडेकरू असूनहि मालकासारखाच जागीं खिळून राहिला. जुन्या इमारती कोसळूं लागल्या तेव्हां १९६९ सालीं उपकर घेऊन त्यांची दुरुस्ती व पुनर्रचना करणारें मंडळ कायद्यानें निर्मावें लागलें.

कोसळणाऱ्या त्या घरांत गिरगांवच्या चाळी होत्याच. पण एके काळीं ‘नवें’ म्हणून मिरवलेलें दादरहि वयापासून सुटलें नाहीं. हिंदु कॉलनींतले आणि शिवाजी पार्कच्या आसपासचे ते ब्लॉक आज ऐंशी-नव्वद वर्षांचे झाले आहेत. पुष्कळ पाडले गेले, पुष्कळ पाडले जाण्याच्या वाटेवर आहेत. त्यांचा नवेपणा तीस-चाळीस वर्षांत संपला. मात्र एक गोष्ट संपली नाहीं. रस्त्याची रुंदी, दोन घरांमधली मोकळी जागा, मोठ्या खिडक्यांतून येणारा वारा, पलीकडचें मैदान, हें सारें म्हाताऱ्या इमारतींतहि टिकून राहिलें. म्हणजे ज्याला आपण नवेपणा म्हणतों त्यांत दोन निरनिराळ्या वस्तु असतात. रंग, फरशी, नळाच्या तोट्या, उद्वाहन ही एक. ती घर घेतल्या दिवसापासून झिजूं लागते. दुसरी घराची आंखणी : उजेड, हवा, पाणी, मोकळें अंगण, ती भिंती उभ्या आहेत तोंवर झिजत नाहीं. घर घेणारा बहुधा पहिलीला भुलतो आणि पैसे दोहोंचे देतो.

जागेलाहि असेंच दोन परींनीं पाहावें लागतें. दादरच्या एका चौकाला लोक अजून ‘टी. टी.’ म्हणतात, तें नांव ट्रामच्या अखेरच्या थांब्यावरून पडलें, आणि ट्राम तर १९६४ सालींच बंद झाली. ट्राम गेली म्हणून दादर ओस पडलें नाहीं, कारण तोंवर त्या जागेला शाळा, कॉलेजें, मंडई आणि दोन रेल्वेमार्गांचा संगम असे दुसरे आधार मिळाले होते. उलट गिरगांवांतलीं पुष्कळ मराठी कुटुंबें जागा उत्तम असूनहि कुटुंब वाढल्यावर डोंबिवली-बोरिवलीकडे गेलीं. तीं गेल्यावर ज्या ओळखींवर त्या जागेचें मोल उभें होतें त्या ओळखीहि पांगल्या. २०२५ सालीं भुयारी मेट्रो गिरगांवास पोहोंचली. अंतर पुन्हा कमी झालें, पण ज्यांच्या आजोबांनीं कोटांत पायीं जाण्यासाठीं ती जागा धरली होती त्यांतले बरेचजण आतां तिच्या कामाचे राहिले नाहींत.

मग घर घेणारानें काय करावें ? इतिहास भाव सांगत नाहीं; पण कोणते प्रश्न विचारावे हें तो सांगूं शकतो. जुनें पण मोक्याचें घर घेतांना विचारावें कीं भिंतींखालच्या जमिनींत आपला वांटा आहे कीं नाहीं, आणि इमारत पाडण्याची पाळी आली तर ती पुन्हा बांधण्याइतकें शेजाऱ्यांत ऐक्य आहे कीं नाहीं. लांबचें नवें घर घेतांना विचारावें कीं ज्या सोयी ‘येणार’ म्हणून सांगतात, त्यांतल्या कोणत्या जमिनीवर दिसतात आणि कोणत्या फक्त फलकावर रंगवल्या आहेत. आणि तेथें येणारे लोक स्वतः कांहीं उभारणारे आहेत कीं सोय होण्याची वाट पाहत बसणारे.

तिसरा प्रश्न आम्हांस सर्वांत मोठा वाटतो, आणि तोच घरोघरच्या चर्चेंत सहसा निघत नाहीं. जागा घडेपर्यंतचीं वर्षें घरांतलें कोण सोसणार ? दूरच्या वसाहतींत राहावयास गेलेला कर्ता पुरुष सकाळीं गाडी धरून कचेरींत जाई; त्याची मुंबई त्याला सुटत नसे. पाण्याचा, बाजाराचा, एकलेपणाचा, आजारी मुलाला रात्रीं डॉक्टरकडे नेण्याचा भार पडे तो मागें राहणाऱ्या बाईवर आणि वृद्धांवर. उलट मोक्याच्या जुन्या खोलींत राहण्याचा भारहि त्यांच्यावरच. कारण अंधार, ओल आणि समाईक नळ यांच्याशीं दिवसभर गांठ त्यांचीच. घर कोणतेंहि घ्या, त्याची किंमत पुरुषाच्या पगारांतून एकदां आणि घरांत राहणारांच्या दिवसांतून रोज दिली जाते. तेव्हां सौदा ठरविण्याच्या बैठकींत ज्यांना बोलावणें नसतें त्यांनाच आधीं विचारावें, म्हणजे निम्मा पेंच सुटेल.

उरलेल्या निम्म्यापुरतें आमचें मत असें. दोन्ही घरें हवा-पाण्याला सारखीं असतील तर जागा धरावी. कारण घर आपल्या हातानें नीट करतां येतें, जागा मात्र पुष्कळांच्या हातांनींच नीट होते. पण जुन्या घरांत ऊन, वारा आणि पाणी यांचीच वाण असेल तर जागेच्या मोठेपणाला भुलूं नये. मांडवीचेंहि एके काळीं फार नांव होतें. आणि नव्या जागीं जावयाचेंच ठरलें तर तेथें जाऊन नुसतें राहूं नये. शाळेच्या कमिटींत बसावें, वाचनालयाची वर्गणी भरावी, चार झाडें लावावीं. दादर आणि पार्लें नकाशावर आंखलें गेलें म्हणून नांवारूपास आलें नाहीं. पहिल्या पिढीनें चिखल तुडवून तीं गांवें केलीं. ती पिढी गेली, तिचीं घरेंहि आतां पाडलीं जात आहेत, पण तिनें काढलेल्या शाळांची घंटा रोज सकाळीं वाजतेच आहे.